तुरीच्या दाण्याएवढं

शाळेच्या व्हरांड्याला सात पायऱ्या आहेत. सृष्टी चौथ्या पायरीवर थांबते. वाकते, चपलेचा पट्टा नीट करते आणि मग उरलेल्या तीन चढते. तिच्या चपलेला पट्टा नाही. साधी अंगठ्याची स्लीपर आहे. जूनमध्ये हे थांबणं सहा श्वासांचं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मोजलं, तेव्हा अकरा श्वासांचं झालं होतं.

ती पाचवीत आहे, वय दहा. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली, तेव्हा ते कळलं. सोलापूरला तिची तपासणी झाली. शस्त्रक्रिया मोफत होणार होती, डॉक्टर तयार होते. अडलं होतं ते माझ्या एका वाक्यावर.

सृष्टीचे आईवडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर असतात. पोरगी आजीपाशी, हरणाबाईंपाशी वाढली. त्या दिवशी सोलापूरला आजी आणि नात यांच्याबरोबर तिची शिक्षिका म्हणून मी गेले होते. परतीच्या एसटीत सृष्टी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. हरणाबाईंनी विचारलं, "बाई, भोक बुजवत्यात म्हंजी कसं करत्यात?"

मी प्राणिशास्त्राची पदवीधर. विचारलं ते नेमकं सांगावं, एवढंच मला येतं. मी म्हणाले, "छाती उघडतात, हृदय थोडा वेळ थांबवतात आणि मग भोक शिवतात."

नळदुर्गचा स्टँड येईपर्यंत त्या सृष्टीच्या अंगावर पदर धरून बसल्या. उतरताना म्हणाल्या, "थांबल्यालं दिल पुन्ना चालत न्हाय, बाई. म्या जल्मभर मेंढरं बघितलीत."

त्यानंतर मी त्यांना तीनदा समजावलं. तेवढा वेळ हृदयाचं काम यंत्र करतं, हे चित्र काढून दाखवलं. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "बघू." सृष्टीचे वडील, मल्हार, फोनवर म्हणत, "आई म्हणंल तसं, मॅडम. पोरगी तिनंच वाढवलीया." अशी दोन वर्षं गेली.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. जानेवारीच्या यादीत सृष्टीचं नाव घातलं आहे, सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवा. फुप्फुसांतला दाब वाढत चालला आहे. अजून उशीर केला, तर पुढे ऑपरेशन करता येण्याची वेळच निघून जाईल. हेही मी हरणाबाईंना जाऊन सांगितलं. त्या दारात तूर निवडत बसल्या होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "बघू."

मुदतीच्या आठवडाभर आधीच्या सोमवारी वर्गात मी रक्ताभिसरण शिकवायला घेतलं. पुस्तकात ते त्याच आठवड्यात येत होतं. मी मुद्दाम काही जुळवलं नव्हतं. प्लास्टिकचं नरसाळं आणि दीड हात रबरी नळी जोडून मी ऐकायचं साधन केलं होतं. तेवीस मुलं एकमेकांच्या छातीला नरसाळं लावून, डोळे मिटून ऐकत होती. "लब-डप, लब-डप" असं पुटपुटत होती. मोनिकाला स्वतःचंच ऐकून रडू आलं. का, ते तिला सांगता आलं नाही.

सृष्टीच्या छातीला नळी लावली समर्थनं. मी पोचेपर्यंत तो ओरडलाच, "मॅडम, हिच्यात पिठाची गिरणी चालू हाय!"

वर्ग हसला. सृष्टीनं नरसाळं स्वतःच्या हातात घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "गिरणी न्हाय. मांजर हाय. आजीला हात ठिवला की कळतं. घुरघुर करतं."

मी तिच्या छातीवर तळहात ठेवला. खरंच मांजरासारखं होतं. डॉक्टरही या थरथरीला असंच म्हणतात. आमच्या हरणाबाईंना ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी प्रार्थनेनंतर हरणाबाई वर्गाच्या दारात उभ्या. डोक्यावर पदर, हातात काठी.

"माझ्या पोरीला गिरणी कोण म्हणलं?"

समर्थ बाकाखाली. मी म्हणाले, "आजी, बसा. लहान आहे तो."

त्या बसल्या नाहीत. भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्यापाशी गेल्या, अर्धा निळा, अर्धा तांबडा. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्ये काय काढलंय?"

"हृदय आहे, आजी."

"आसं असतंय व्हय दिल? निळं-तांबडं, पोळ्याच्या बैलावानी रंगवल्यालं?"

मुलं खिदळली. समर्थ बाकाखालून बोलला, "आजी, दिल बदामासारखं असतं. पिक्चरमधी दावत्यात."

"बदाम तुझ्या बापानं बघितला व्हता का मेंढ्यात?" त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी बघितलंय का खरं?"

मी लिंगायत घरातली. कॉलेजात झुरळ कापलं होतं आणि तीन दिवस जेवले नव्हते. "नाही," मी म्हणाले.

"मग शिकवताव कसं?"

त्या म्हणाल्या, "उद्या पावणे येणार हायत, मेंढा कापायचा हाय. त्याचं दिल आणून दावते."

मुख्याध्यापक गौरीशंकर सरांनी डोक्याला हात लावला. "उमादेवी मॅडम, तुमच्या सासूबाईंना कळलं तर तुम्हाला स्वयंपाकघरात घेतील का?"

"मीच सांगेन त्यांना," मी म्हणाले. "आणि ज्या मुलांना बघायचं नाही, त्यांना व्हरांड्यात चित्रं काढायला बसवू."

बुधवारी व्हरांड्यात कोणीच बसलं नाही. मोनिकाच्या घरी अंडंही चालत नाही. ती बोटांच्या फटीतून बघत होती आणि फट मोठी होत होती.

हरणाबाईंनी स्टीलच्या ताटात हृदय ठेवलं. धुऊन आणलं होतं. माझ्या मुठीपेक्षा जरा लहान, वरच्या बाजूला पिवळसर चरबी. मी हातमोजे घातले. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुरी काढली.

"ह्ये बगा, ही बाजू जाड. दाबा. ही पातळ. जाड हाय ती साऱ्या अंगाला रगत धाडती, पातळ हाय ती निस्ती छातीत." त्यांनी पातळ बाजू उभी चिरून पुस्तकासारखी उघडली. "आन् ह्या दोऱ्या. दार उलटं उघडू न्हाय म्हणून बांधल्यात."

जे वाक्य मी दहा वर्षं तक्त्यावर छडी ठेवून शिकवत होते, ते त्यांनी असं सांगितलं. मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"मेंढरांनी."

मग त्यांची सुरी थांबली. उघडलेल्या कप्प्याच्या आतली भिंत त्यांनी अंगठ्यानं चाचपली. ती सलग होती, गुळगुळीत, जाड. माझ्याकडे न बघता त्यांनी हळू विचारलं, "पोरीचं कुठं हाय?"

वर्गासमोर हे बोलावं की नाही, मला कळेना. सृष्टी पहिल्या बाकावरून उठली आणि ताटापाशी आली. "दावा की मॅडम. माझंच हाय."

मी पेन्सिलीच्या टोकानं जागा दाखवली. हरणाबाईंनी पिशवीतून दाभण काढलं. पोती शिवायचं नव्हे, त्याहून बारीक. ते त्या जागी खुपसलं.

"एवढं?"

"थोडं मोठं. तुरीच्या दाण्याएवढं."

त्यांनी दाभण फिरवलं. भोक तुरीएवढं झालं.

मी कुंकवाचं पाणी मोठ्या सिरिंजमध्ये भरलं. पाणी तिकडून निसटू नये म्हणून हृदयाच्या वरून निघणारी जाड नळी मी चिमटीत धरली. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात सिरिंजचं तोंड घातलं आणि सृष्टीला म्हणाले, "दाब. सावकाश."

तिनं दाबलं. भोकातून तांबडी धार उजव्या कप्प्यात आली आणि ताटात पसरली. समर्थ म्हणाला, "म्हंजी अंगाला जायचं रगत मागंच फिरतंय."

"हो," मी म्हणाले. "म्हणून तिला दम लागतो. तिचं हृदय तेच काम दोनदा करतं."

"पायरीवर थांबती ती त्यामुळं?" मोनिकानं विचारलं. बोटं आता डोळ्यांवर नव्हती.

सृष्टीनं मान खाली घातली. इतके दिवस चपलेच्या पट्ट्याचं निमित्त फक्त मलाच माहीत आहे, असं मला वाटत होतं.

यानंतर काय करायचं, ते मी ठरवलेलं नव्हतं. भोक दाखवलं होतं, धडा संपला होता. पण हरणाबाई ताटापासून हलल्या नाहीत. त्यांनी पिशवीत हात घातला आणि दोऱ्याचं रीळ काढलं. कुत्र्यानं फाडलेल्या मेंढ्यांना त्या टाके घालतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. सुई असते, दोरा असतो. पिशवी त्यांच्या कमरेला कायम असते.

त्यांनी सुई ओवली, पहिल्याच खेपेला. डोळ्यांवर चष्मा नाही. डाव्या हातानं हृदय धरलं आणि भोकाच्या कडा जवळ आणत टाका घातला. दुसरा. तिसऱ्याला मांस थोडं फाटलं; तो त्यांनी उसवला आणि लांबून घेतला. दोरा ओढल्याचा आवाज येत होता. पाच टाके झाले. दातांनी दोरा तोडायला त्या वाकल्या, मग हातमोज्यातल्या माझ्या हाताकडे बघून थांबल्या आणि सुरीनं कापला.

"दाब गं," त्या सृष्टीला म्हणाल्या.

सृष्टीनं सिरिंज दाबली. एक थेंब आला. मग तोही थांबला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. हरणाबाई हसल्या नाहीत. त्या हातातल्या हृदयाकडे बघत होत्या, तळव्यावर तोललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "मेंढीला टाका घालताना चार पाय बांधावं लागत्यात. एक जण मुंडी धरतंय. जरा हालली की सुई भलतीकडं शिरती."

"हो, आजी."

"ह्ये तर मेल्यालं, गप हाय. तरी एक टाका चुकला." त्यांनी हृदय ताटात ठेवलं. "हालत्यावर कोण घालंल टाका? म्हणून थांबवत्यात व्हय ते?"

"म्हणूनच," मी म्हणाले. दोन वर्षं मी यंत्र कसं चालतं ते सांगत राहिले होते. थांबवायचं कशाला, ते एकदाही सांगितलं नव्हतं.

"आन् तवर ते यंत्र मुंडी धरतंय."

"अगदी तसंच. टाके झाले की हृदय पुन्हा चालू करतात."

त्यांनी बादलीत हात धुतले, पदराला पुसले. सृष्टीला जवळ ओढलं आणि तिच्या छातीवर तळहात ठेवला. रोज झोपताना ठेवत असतील तसा, बोटं पसरून.

"शिवलं म्हंजी ह्ये मांजर ऱ्हाणार न्हाय."

"नाही. शांत होईल."

सृष्टीनं वर बघितलं. "मग आजी, तुला झोप कशी लागंल?"

हरणाबाईंनी हात काढला नाही. "जागी ऱ्हाईन की. तू पायऱ्या चढताना बघत." मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि पुढचं मोठ्यानं बोलल्या, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

"सोमवारची वाट कशाला बघायची, बाई? आत्ताच लावा फोन डाक्टरला. थांबवू द्या म्हणावं. हरणाबाई पोरीला घिऊन येतीया."