पिंपातलं शिळं पाणी

"अहो, सांगा ना, अजून किती बादल्या ओतू?"

पक्षाघाताने काकांची उजवी बाजू आणि वाचा एकदमच नेली होती. ते पलंगावरून समोरच्या काचेच्या टाकीकडे बघत होते आणि काकू खांदा दाबत बाल्कनीच्या दारात उभ्या होत्या.

टाकी पलंगाएवढी लांब होती. कोर्टात टायपिस्ट म्हणून जन्मभर दुसऱ्यांची भांडणं बडवून काढल्यावर काकांनी निवृत्त होताच घरात न भांडणारी मंडळी आणली, ती ही. सगळे सोनेरी मासे, आणि त्यांचा म्होरक्या ढब्बू. पूर्वी काकूंना त्यांचा राग यायचा. आता त्या माशांचे पाय धरायला तयार होत्या, पण माशांना पाय नसतात. काका आता फक्त टाकीकडे बघतच तोंड उघडत. पलंग दुसरीकडे वळवला, की दात असे मिटत की चमचा आत जायचा नाही. मासे होते म्हणून काका जेवत होते.

पण टाकीतलं पाणी दर आठवड्याला थोडं बदलावं लागे. बाल्कनीत काकांची पिंपं होती. आदल्या दिवशी नळाखाली भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बादली बादली आत न्यायची. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पातेली उचलून उचलून काकूंचा खांदा केव्हाच कामातून गेला होता. मागे एकदा त्यांनी पाणी बदलायचं टाळलं. टाकी गढूळ झाली, ढब्बू तळाशी जाऊन बसला आणि काकांनी अर्धी वाटी तशीच ठेवली. त्या दिवशी काकू न्हाणीघरात नळ सोडून रडल्या होत्या. आज मात्र त्यांनी डोळे पुसले आणि दिराला फोन लावला.

भाऊजींचं हार्डवेअरचं दुकान होतं. ते दोन दिवसांनी सकाळीच लांबलचक पाइप खांद्यावर घेऊन आले.

"वहिनी, बादल्या कसल्या वाहता? एक टोक टाकीत, एक मोरीत. घाण पाणी आपोआप जाईल. मग तेच टोक नळाला लावायचं, की टाकी भरली. तुम्ही नुसतं बसायचं."

"आणि पिंपं?"

"ती कशाला लागतात?"

"ह्यांचं आपलं खूळ. पाणी शिळं करून घालायचे."

"आपण ताजं पितो आणि माशांना शिळं? दादा पण ना!" भाऊजी हसले. काकूही हसल्या. कितीतरी दिवसांनी.

पाइप चालू झाला. पाणी खळखळत मोरीत गेलं आणि काकू खरोखरच खुर्चीत बसल्या. एवढं सोपं आहे म्हटल्यावर हात सैल सुटला. त्यांनी निम्म्याहून जास्त टाकी उपसू दिली. एकदाची लख्ख होऊ दे. मग भाऊजींनी टोक नळाला लावलं.

तेव्हा काका ओरडू लागले. "आं... आं..." डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटू लागले.

"बघा, दादा खूश झाला!"

"खूश कसले! पिंपांचा पुळका आलाय. अहो, जन्मभर तुमचंच ऐकलं, आता मला जरा टेकू द्या."

काकांनी उशाचा पेला उडवला. चेहरा लालबुंद झाला, मानेची शीर तटतटली. रक्तदाब चढू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकूंनी उठून पलंग आणि टाकी यांच्यामधला पडदा ओढून घेतला. पडद्यामागे हात आपटत राहिला, मग हळूहळू थांबला.

"झोपले वाटतं," काकू म्हणाल्या. त्यांना हायसं वाटलं. भाऊजी रिकामी पिंपं टेम्पोत टाकून दुकानाला गेले.

दुपारी वाटीत सूप घेऊन काकूंनी पडदा सरकवला. काका टक्क जागे होते. टाकीतले मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडमीट करत होते. दोन उलटे तरंगत होते. ढब्बू एका कुशीवर कलला होता.

काकूंनी फोन केला. भाऊजींनी मासेवाल्याला विचारून उलटा फोन केला तेव्हा त्यांचा आवाज पार खाली गेला होता.

"वहिनी, नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, माशांना ते विष. ते उडून जावं म्हणून दादा... म्हणून ती पिंपं."

पुढचं काकूंनी ऐकलं नाही. घरात साठवलेलं जे जे पाणी होतं ते त्यांनी ओतलं. प्यायचं, स्वयंपाकाचं, किटलीतलं निवलेलं. फ्रिजमधल्या बाटल्या उचलल्या आणि परत ठेवल्या. त्या गारठ्याने उरलेले गेले असते. मग दोन्ही हात खांद्यापर्यंत टाकीत घालून त्यांनी ढब्बूला सरळ धरलं. "श्वास घे रे, बाबा, श्वास घे," म्हणत राहिल्या. खांदा फुटायला आला, तरी त्यांनी हात काढला नाही. ढब्बूचे कल्ले एकदा हलले, दोनदा हलले आणि थांबले. टाकीत आता कोणीच हलत नव्हतं.

काकू पलंगाजवळ आल्या. हातांतून पाणी गळत होतं.

"तुम्ही सांगत होतात. गळा फोडून सांगत होतात, आणि मी पडदा ओढला. आता कशाकडे बघून जेवाल हो? शिव्या घाला मला. येतील तशा घाला."

काकांनी टाकीकडे पाहिलं नाही. त्यांचा डावा हात चाचपडत पुढे आला. काकूंना वाटलं, मारणार. त्यांनी गाल पुढे केला. हाताने त्यांची भिजलेली बाही पकडली. एका हाताने पीळ बसेना, कापड निसटलं. काकांनी ते पुन्हा मुठीत गोळा केलं आणि दात आवळून पिळलं. चादरीवर पाणी पडलं. ती बाही झाली तशी त्यांनी दुसऱ्या बाहीकडे हात नेला.