उजव्या हाताचा दांडा

शुश्रूषा केंद्राच्या कॉरिडॉरच्या दोन्ही भिंतींना कंबरेच्या उंचीवर लाकडी दांडे बसवलेले होते. मुख्य दाराकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडच्या दांड्याचं पॉलिश पार उडून आतलं लाकूड दिसत होतं. डावीकडचा दांडा काल बसवल्यासारखा चकचकीत होता.

ताईने उजव्या दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, मग पलीकडे जाऊन डाव्यावरून. यंत्रांच्या भागांची झीज तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची हयात गेली होती. दिसेल त्या पृष्ठभागाला नख लावून पाहण्याची खोड आता सुटण्यातली नव्हती.

"ताई, आपण दांडा विकत घ्यायला नाही आलोय," धाकटा भाऊ म्हणाला. "बाबांसाठी जागा बघायला आलोय."

"एकच बाजू झिजली आहे."

"मग झिजू दे की! मागच्या ठिकाणी तू नळाची धार बघत बसलीस, त्याच्या आधी गादीत कोपर रुतवून पाहिलंस. उद्या सकाळी हॉस्पिटलवाले खाट रिकामी करा म्हणतील. तेव्हा काय, बाबांना तुझ्या प्रयोगशाळेत ठेवायचं?"

त्याचं खोटं नव्हतं. बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया ठीक झाली. पण धाकट्याचं घर लिफ्ट नसलेल्या इमारतीत सर्वांत वर होतं आणि ताईच्या घराला दिवसभर कुलूप असे. 'थोडेच दिवस' असं दोघांनी बाबांना सांगितलं होतं, तेही सलाईनच्या बाटलीकडे बघत. थोडे म्हणजे किती, हे त्यांनी एकमेकांनाही विचारलं नव्हतं. बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि न्यायला कोण येईल?"

"मीच येईन," ताई म्हणाली होती.

व्यवस्थापिका किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. "दोन खोल्या रिकाम्या आहेत. एक ही दारालगतची, पण इथे जरा वर्दळ असते. दुसरी अगदी टोकाची. शांत आहे, खिडकीतून झाड दिसतं."

"टोकाचीच," धाकट्याने निकाल लावून टाकला.

"उत्तम," बरोबरचा फिजिओथेरपिस्ट म्हणाला. "तेवढंच जास्त चालणं होईल. आमच्याकडे लोक लवकर सुधारतात, बरं का. वॉकर सुटला की दांडा धरून चालायला लागतात. सकाळी व्यायामाला उठवताना नाकी नऊ येतात, पण संध्याकाळी सांगावं लागत नाही. आपले आपण निघतात."

"हा दांडा आधीचा आहे का?" ताईने उजवीकडे बोट दाखवलं.

"नाही, दोन्ही एकदमच बसवलेत." व्यवस्थापिकांनी चष्मा वर करून दोन्हींकडे पाहिलं. "अगबाई, खरंच की. तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आलं. पॉलिश करून घेऊ."

धाकटा कागदपत्रं पाहायला त्यांच्यामागोमाग कार्यालयात गेला. ताई तिथेच थांबली.

जागा वाईट नव्हती. फरशी कोरडी होती, चादरी स्वच्छ होत्या, औषधांचा वास होता पण त्याखाली दुसरा कुठला वास दडवलेला नव्हता. पाहिलेल्या सगळ्यांत हीच बरी. राहता राहिला तो दांडा. ऊन म्हणावं, तर ते कुठल्याच भिंतीवर पडत नव्हतं. पुसण्यामुळे म्हणावं, तर फडकं दोन्हीकडे फिरत असणार. बहुतेकांचा उजवा हात जोराचा. जाताना तो एका दांड्यावर पडणार आणि परतताना समोरच्या. गेलेला माणूस परत येतोच. म्हणजे दोन्ही दांडे सारखेच झिजायला हवेत. शिवाय झीज सगळीकडे सारखी नव्हती. टोकाच्या खोलीपाशी ती नखाला जेमतेम जाणवत होती आणि दाराकडे यावं तशी वाढत गेली होती.

दाराजवळच्या बाकांशेजारी चाकाच्या रिकाम्या खुर्च्या ओळीने लावून ठेवल्या होत्या. आज बरेच नवे लोक यायचे असतील, असं ताईला वाटलं.

भेटीच्या वेळेची घंटा झाली. खोल्यांची दारं एकेक करून उघडली. इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बंद केलेले एक आजोबा निघाले. त्यांच्यामागून केस नीट विंचरलेल्या, काखेत पर्स धरलेल्या आजी. मग बाकीचे. सगळ्यांचा उजवा हात दांड्यावर, नजर समोर.

"आज स्वारी भलतीच जोरात," मागून कोणीतरी आजोबांना म्हणालं.

"मुलगा यायचाय," आजोबा न थांबता म्हणाले.

"काल पण यायचा होता."

"काल त्याला काम होतं."

सगळे काचेच्या दाराकडे तोंड करून बाकांवर बसले. बाहेर गाडी थांबली की माना वर होत, गाडी निघून गेली की खाली. पर्सवाल्या आजींचा मुलगा आला. त्याच्या दंडाला धरून त्या बोलत बोलत आपल्या खोलीकडे गेल्या. बाकीचे बसून राहिले.

वेळ संपल्याची घंटा झाली. कामाच्या मावशींनी चाकाच्या खुर्च्या पुढे घेतल्या. इस्त्रीच्या शर्टातल्या आजोबांनी उठायचा प्रयत्नही केला नाही. नुसते दोन्ही हात वर केले. मावशींनी काखेत धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची वळवली. पाय तेच होते. डावीकडच्या दांड्याला कोणाचाही हात लागला नाही.

"ताई, चल, सही कर," धाकटा कार्यालयाच्या दारातून म्हणाला. "टोकाची सांगितली आहे."

"दाराजवळची घे."

"अगं, इथे दिवसभर दार वाजतं. झोप कशी लागणार त्यांना?"

"वाजू दे."

"आणि चालणं? तो म्हणाला ना, तेवढंच जास्त..."

"चालतील ते."

तो आत जाऊन खोली बदलून आला. ताईने सही केली, पेन परत दिलं आणि बाहेर पडताना झिजलेल्या दांड्यावर क्षणभर हात टेकवला. कारण साधं होतं. आपल्याला न्यायला कोणी आलंय का हे पाहायला इथली माणसं रोज दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जात. कोणी आलेलं नसलं की परत मात्र त्यांना खुर्चीतून आणावं लागे.