पेल्याच्या बुडाला

शाळेत तिला सगळेच मावशी म्हणत. हेडसर म्हणत, मास्तर म्हणत, पहिलीतली शेंबडी पोरंही म्हणत. रक्ताच्या नात्याने मावशी म्हणणारी मात्र एकच, तिच्याकडेच राहणारी बहिणीची मुलगी. ती यंदा दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला त्याच शाळेत बसली होती. "अख्ख्या शाळेला वाटून उरलेली मावशी माझ्या वाट्याला येते," असं ती चिडवायची.

घंटा देणं, वर्ग झाडणं आणि परीक्षेत पाणी फिरवणं हे मावशीचं एकतीस वर्षांचं काम. जुन्या मोठ्या बाई मुख्याध्यापिका होत्या तेव्हा पाणी द्यायचीसुद्धा रीत होती. मुलाने हात वर करायचा, मावशीने पेला बाकावर ठेवून दोन पावलं मागे सरायचं आणि त्याचं पिऊन होईपर्यंत छताकडे बघायचं. त्या काळात एका मुलाच्या खिशात चिठ्ठी सापडली, तर तो आठवडाभर शाळेकडे फिरकला नाही. शेवटी बाप त्याला हाताला धरून घेऊन आला, तेव्हा बापाचीच मान खाली होती.

आता बाप कुंपणावर चढून चिठ्ठ्या फेकत. पेपर सुटला की मावशी झाडू घेऊन वर्गात शिरे. बाकांच्या फटीत चघळून कोंबलेले कागदाचे बुळबुळीत गोळे. मोज्यातून काढलेल्या, घामाने लिबलिबीत झालेल्या चिठ्ठ्या. संडासात गाइडची पानं तुंबलेली, ती हात घालून काढायची तिनेच. घरी जाऊन ती कोपरापर्यंत साबण लावी, तरी जेवताना बोटांना वास येतोय असं वाटे.

गणिताच्या पेपरला हेडसरांनी तिला कोठीच्या खोलीत बोलावलं. आत गणिताचे सर फोन नाकाला टेकवून बसले होते. चष्मा घरी विसरलेले, आणि फोनवर आलेला प्रश्नपत्रिकेचा फोटो हललेला. डोळे बारीक करून ते उत्तरं लिहीत होते आणि शेजारच्या यंत्रातून त्यांच्या काडेपेटीएवढ्या प्रती निघत होत्या.

"मावशी, यंदा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे," हेडसर म्हणाले. "प्रत्येक पेल्याच्या बुडाला एक चिठ्ठी. ओल्या बुडाला आपोआप चिकटते. विज्ञान आहे, विज्ञान!" आणि आपल्याच विनोदावर ते पोट धरून हसले.

"सर, मला नाही जमायचं हे."

"भाची आहे ना तुमची आत? तिला नर्स व्हायचंय म्हणे. गणितात उडाली तर काय, तुमच्यासारखा झाडू धरणार?"

तिथेच मावशी घसरली. एकतीस वर्षं ताठ राहिलेली बाई त्या एका वाक्याला वाकली.

चाळीस मुलं, चाळीस पेले. भाची खिडकीजवळ बसली होती. तिने पाणी मागितलंच नव्हतं. मावशीने पेला ठेवला, बोटाने त्याच्या बुडावर टिचकी मारली आणि डोळ्याने खुणावलं. मुलगी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पेला उचलला. त्या दिवशी मावशीने छताकडे बघितलं नाही.

निकाल लागायच्या आधीच चौकशी आली.

हेडसरांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं, "चिठ्ठ्या मुलांनीच बाहेरून आणल्या. आपण काही बघितलं नाही. कळलं का मावशी?"

बोर्डाकडून चौकशीला आलेल्या बाई हेडसरांच्याच खोलीत बसल्या होत्या. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, बाजूला हेडसर आणि गणिताचे सर. मावशी पाण्याचा ट्रे घेऊन आत आली, तेव्हा भाची टेबलासमोर उभी होती.

"टाकीच्या गणितात उंची चौदा दिली आहे," बाई हेडसरांना म्हणाल्या. "तुमच्या चाळीसच्या चाळीस मुलांनी चोवीस घेतली. चोवीस हा आकडा अख्ख्या प्रश्नपत्रिकेत कुठेही नाही. मग चाळीस जणांना तो स्वप्नात दिसला का?"

गणिताचे सर चष्मा पुसू लागले. आज तो आठवणीने आणला होता.

बाईंनी एक पान भाचीपुढे सरकवलं. "तू आधी चौदाच घेतलीस. उत्तर बरोबर आलं, खाली दोन रेघाही मारल्यास. मग त्यावर फुली मारून हे चोवीस का लिहिलंस, बाळ?"

"खात्रीच्या माणसाने दिलं म्हणून," मुलगी पुटपुटली.

"कोण खात्रीचं माणूस?"

मुलीने ते पान उलटं करून बाईंकडे परत सरकवलं.

"हे बघ, मुलांनी आपापल्या आणलेल्या चिठ्ठ्या असतील तर तीन वर्षं परीक्षेला बसता येत नाही. शाळेनेच पुरवल्या असतील तर मुलांची परीक्षा पुन्हा घेतो. बोल."

मुलीच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओघळलं, तरी तिने मान हलवून नकार दिला. हेडसर मावशीकडे रोखून बघत होते.

मावशीने ट्रे टेबलावर ठेवला. हेडसरांच्या वहीचा कोपरा टर्रकन फाडला, ओल्या पेल्याच्या बुडाला लावला आणि पेला उचलून बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. कागद पडला नाही.

"असं," ती म्हणाली. "चाळीस वेळा. कोठीत लिहिल्या या गणिताच्या सरांनी, हुकूम हेडसरांचा, आणि हात माझे."

"अहो, म्हातारीचं डोकं फिरलंय!" हेडसर ओरडले.

"फिरलं होतं, सर. त्या दिवशी फिरलं होतं."

मावशीची नोकरी गेली. हेडसरांची बदली झाली, तीही याहून मोठ्या शाळेत, आणि निरोपाला त्यांना हार घातले गेले. गणिताच्या सरांचा क्लास आता दोन मजल्यांवर भरतो. हे ऐकलं की मावशीला तुंबलेल्या संडासाचा वास येतो. हात घालून काढायला तिथे आता तीही नाही.

मुलांची परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा झाली. भाची रोज पहाटे उठून टाक्या, शंकू, गोल करत बसे. मावशीशी ती बोले. जेवायला वाढ म्हणे, वेणी घाल म्हणे. चिडवणं मात्र बंद झालं होतं.

पेपरच्या सकाळी मावशीने बाटली धुतली, पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं आणि तिच्या हातात दिली.

मुलीने बाटली घेतली. पिशवीत टाकायच्या आधी ती उलटी केली आणि बुडाकडे नीट बघितलं.

मग, "येते गं," म्हणून ती गेली.