शालनताईंचं वाक्य

सयाजीरावांनी फळ्यापाशी जाऊन शर्ट खाली ओढला, घसा खाकरला आणि बायकोकडं बोट केलं.

"माय वाइफ, शालन. शी इज ब्लॅकर दॅन माय सिस्टर."

वर्गात हशा पिकला.

"ब्लॅकर नाही काका, डार्कर," रुबीना मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिला. "हं, पुढं?"

"शी इज स्लोअर दॅन मी. शी ईट लाइक बफेलो."

"ईट्स. लाइक अ बफेलो." मॅडमनी तेही लिहिलं.

शालनताईही हसल्या. घरी हेच सगळं मराठीत चालायचं, तेव्हा हसायच्या तशाच.

गेला महिनाभर दोघं गडमुडशिंगी गावाहून स्कूटरवर शहरात, राजारामपुरीच्या या इंग्रजीच्या क्लासला येत होती. मुलगा राजवर्धन इंग्लंडला असतो. त्यानं तिथलीच मुलगी पसंत केली होती आणि दिवाळीनंतर लग्न होतं. व्याही-विहिणीशी चार शब्द तरी बोलता यावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. आजचा धडा माणसांची तुलना करण्याचा होता. प्रत्येकानं आपल्या घरातल्या एकाबद्दल बोलायचं.

"आता काकू. तुम्ही काकांबद्दल सांगा."

शालनताई जागेवरच उभ्या राहिल्या. पर्स बाकावर ठेवली, मग पुन्हा उचलून हातात धरली.

"माय हजबंड सयाजी," एवढं म्हणून त्या थांबल्या. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आय डू नॉट लाइक माय हजबंड."

मुलाखतीच्या तयारीला येणारा ऋतुराज खुदकन हसला, आणि आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन गप्प झाला.

"चुकलं तिचं, मॅडम," सयाजीराव मोठ्यानं म्हणाले. "तिला दुसरंच कायतरी म्हणायचं हाय."

रुबीना मॅडमना हायसं वाटलं. "हो, ही चूक सगळ्यांचीच होते. लाइकचे दोन अर्थ आहेत ना." त्यांनी घाईघाईनं दोन वाक्यं लिहिली. "बघा काकू. आय ॲम नॉट लाइक माय हजबंड, म्हणजे मी नवऱ्यासारखी नाही. आणि आय डू नॉट लाइक माय हजबंड म्हणजे..." त्या अडखळल्या. "म्हणजे मला नवरा आवडत नाही. तुम्हाला पहिलं म्हणायचंय ना?"

शालनताईंनी दोन्ही वाक्यं ओठांतल्या ओठांत वाचली.

"दुसरं."

"काकू..."

"बरोबर हाय न्हवं ते? व्याकरणानं?"

"व्याकरणानं... बरोबर आहे."

शालनताई खाली बसल्या. पर्स मांडीवर धरून त्या फळ्यावरच्या वाक्याकडं बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्याच कुणीतरी उच्चारलं होतं. तीस वर्षांच्या संसारात ते कधी मराठीत तोंडातून निघालं नव्हतं. मनातसुद्धा इतकं सरळ आलं नव्हतं.

रुबीना मॅडम वळल्या. फळ्यावर वरच्या बाजूला त्यांच्याच वळणदार अक्षरात डार्कर होतं, बफेलो होतं. त्यांनी सगळा फळा पुसला आणि त्या दिवशी क्लास लवकर सोडला.

पोरं एरवी दंगा करत जायची. आज चपला हातात घेऊनच बाहेर पडली. सयाजीराव मात्र जागचे हलले नाहीत. ते पहिल्या बाकावर, कोऱ्या फळ्याकडं तोंड करून बसले होते. मघाशी लाल झालेला चेहरा आता उतरला होता.

"काका, पाणी देऊ?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "मॅडम, कवापासनं, हे इंग्रजीत कसं इचारायचं?"

मॅडमनी दाराकडं पाहिलं. शालनताई चपला घालून तिथंच उभ्या होत्या.

"सिन्स व्हेन," मॅडम हळूच म्हणाल्या.

"सिन..." सयाजीरावांची जीभ अडखळली. "सिन्स..." त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मागं वळून बघण्याचा धीर मात्र त्यांना होईना.

शालनताई आत आल्या. नवऱ्याच्या शेजारी, पण हातभर अंतर सोडून, बाकावर बसल्या.

"मराठीत इचारा की," त्या म्हणाल्या. "सांगते मी."