खाचरात कोंडलेला कैलास

क्रिप्टोचा बाजार चोवीस तास उघडा असतो, आणि भरे गावात त्याच्या सोबतीला चोवीस तास जागा राहणारा माणूस एकच होता, कैलास. ताण नको म्हणून त्यानं कंपनीतली नोकरी सोडली होती. आता तो जेवताना भाव बघे, आंघोळ अर्धी टाकून भाव बघे आणि झोपेत बायकोचा दंड दाबून "विक, विक" म्हणे. पिरंगुटच्या डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब मोजला, वय विचारलं आणि 'चौतीस' ऐकून यंत्र बदललं. मग त्यानं मन शांत करणारं अ‍ॅप घेतलं. ते 'शांत व्हा' म्हणून इतक्या जोरात वाजे, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राही.

आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या, आदल्या संध्याकाळी त्याच्या बायकोनं, वृषालीनं, पैज मांडली.

"उद्या आपल्याकडं इर्जिक हाय. सगळी आळी बिनमजुरीची राबायला येणार, नुसत्या जेवणावर. भाताचं खाचर लावून संपेस्तोवर तुमी फोनला हात लावायचा न्हाई. लावलात, तर ते क्रिप्टोचं खातं कायमचं बंद."

"आन् न्हाई लावला तर?"

"मग मी त्यावरनं एक शब्द बोलणार न्हाई."

कैलासला हे अगदी सोपं वाटलं. आपल्याला व्यसन नाही अशी खात्री असलेल्या प्रत्येकाला वाटतं, तसंच.

सकाळी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावर ठेवला गेला. माणसं रांगेत वाकली आणि रोपं लावत मागं सरकू लागली. कैलासच्या एका हाताला चुलती रंभाबाई, दुसऱ्या हाताला शेजारचा भैरू. एवढ्यात बांधावर फोन वाजला. कैलासचा हात थबकला. पुन्हा वाजला. भाव चढला की पडला? तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा तो हातात रोपांची मूठ घेऊन खांबासारखा उभा होता.

रेंगाळणाऱ्याला कोंडायचं, ही आवणीतली जुनी थट्टा. रंभाबाई आणि भैरूनं दोन्ही बाजूंनी हात लांबवले आणि त्याच्या पाठीमागं रोपं लावून वाट बुजवून टाकली. कैलास भानावर आला तेव्हा चहूकडं भात होतं आणि त्याच्या वाट्याला खाटेएवढा चिखल.

"कोंडला रं कोंडला!" रांग हसली.

"काकी, वाट द्या की!"

"कुटनं देऊ? इमान मागवू का तुला?"

फोन पुन्हा वाजायला लागला.

"बोलावतोय बग," भैरू म्हणाला. "जा तुडवत. शेत तुजंच हाय. कंबार तेवढी आमची."

कैलासनं पाय उचलला. पायाखाली रंभाबाईनं आत्ताच लावलेली रोपं अजून डुलत होती. त्याच्या बाजारात कुणाचं नुकसान झालं ते कधीच दिसत नसे. इथं ती बाई समोर उभी राहून हसत होती. त्यानं पाय मागं घेतला आणि वाकून लावू लागला.

"लई खोल खुपसतोयस. रोप हाय त्ये, खुंटी न्हाई!" रंभाबाई ओरडली.

त्यानं उपटून पुन्हा लावलं. मग पुढचं. फोन कधी थांबला ते त्याला कळलंच नाही. चिखल संपला, तसा तो बगळ्यासारखा पाय टाकत बांधावर आला. फोन पायाशीच होता. सगळी रांग बघत होती. भाकरीची पाटी घेऊन आलेली वृषाली जागीच थांबली होती.

कैलास फोन ओलांडून पुढं गेला. "मुठी संपल्यात माज्या. कुणाकडं हायेत?"

खाचर पुरं झाल्यावर जेवताना वृषालीनं प्रामाणिकपणे फोन त्याच्या हातात दिला. भाव नेहमीसारखाच वर-खाली नाचत होता. कैलासच्या गैरहजेरीची त्यानं दखलही घेतली नव्हती.

"उद्यापास्नं दहाला ह्ये दुकान उघडायचं, एकला बंद," कैलास फोन खाली ठेवत म्हणाला.

वृषालीनं शब्द पाळला. ती बोलली नाही, नुसती हसली.

भैरूला मात्र राहवेना. "आन् एकनंतर भाव पडला तर रं?"

कैलास हातात अर्धी भाकरी धरून, बांधाला टेकून घोरत होता.