सैल फळी

रंगाऱ्याने फळीवरच्या डब्याला हात घातला, तशी मिस्त्रीणबाईंनी त्याला कोपराने बाजूला सारलं.

“रंगाचे हात नकोत माझ्या डब्यांना. मी काढते.”

“आई, स्टूल घे,” मुलगा म्हणाला.

“स्टूल तुझ्या बायकोला दे. माझा हात पोहोचतो अजून.”

टाचा किंचित उचलून त्यांनी एकेक डबा उतरवला. मुलगा ते खाली मांडत गेला. घर रंगवून भाड्याने द्यायचं आणि आईला आपल्याकडे न्यायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. बाईंचं एकच म्हणणं: हातून सगळं होतंय तोवर हा उंबरठा सोडणार नाही. आणि होतंय याचा पुरावा म्हणजे ही फळी. नवी नवरी असताना जसे डबे काढायचे तसेच आजही काढते, असं त्या चारचौघांत ठणकावून सांगत. शेजारणी वाकल्या, बाई नाहीत.

फळी नवऱ्याच्या हातची. सुतारकामात मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता. दिवसभर लोकांची दारं-खिडक्या करून माणूस घरी यायचा, आणि कुणाची खाट मोडल्याचं कळलं की भरल्या ताटावरून उठून जायचा. कधी कुणावर आवाज चढवला नाही. ती कसर बाई भरून काढत. अधूनमधून सुट्टीच्या दिवशी मिस्त्री ही फळी काढून पुन्हा ठोकत बसले, की बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू.

“आता काय झालं हिला?”

“सैल झाली होती.”

“जगाच्या खाटा घट्ट करता आणि घरची एक फळी टिकत नाही! मिस्त्री म्हणवून घेता कोणत्या तोंडाने?”

पाहुणे बसलेले असले तरी हेच. मिस्त्री हसायचे, भिंतीतली जुनी भोकं बुजवून वर रंगाचा हात फिरवायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

रंगाऱ्याने फळी उतरवली आणि भिंत खरवडायला घेतली. जुना रंग सुटला तशा लाकडी गिट्ट्या दिसू लागल्या. स्क्रू धरून ठेवायला भिंतीत ठोकतात त्या. फळी होती तिच्या जरा वर एक जोडी. तिच्या वर आणखी एक. त्याच्याही वर.

“मिस्त्रींनी फळी खाली खाली आणलीय की,” रंगारी म्हणाला. “का बरं?”

मुलाने गिट्ट्यांकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे. 

बाई भिंतीशी गेल्या. सगळ्यात वरच्या गिट्टीच्या दिशेने हात उचलला, तो अर्ध्यातच थांबला. मग डबे पुसायचं फडकं धुवायला त्या आत निघून गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला.

रंग वाळल्यावर मुलाने फळी हातात घेतली.

“आहेत त्याच भोकांत बसवू ना?”

बाईंनी हात वर केला. या वेळी टाचा जमिनीवरच होत्या. बोटं भोकांच्या बरीच खाली टेकली.

“इथे बसव.”

“भोकं तर वर आहेत, आई.”

“दिसतात मला. सैल झालीत ती.”

मुलाने गिट्टी अंगठ्याने दाबून पाहिली. ती जराही हलली नाही.

“हो गं,” तो म्हणाला. “सैलच आहेत.”

आणि आईची बोटं होती तिथे त्याने पेन्सिलीची खूण केली.