तबेल्यातलं नाव

बँडवाले मंगल कार्यालयाच्या फाटकाकडे वळले आणि सिंधूनं हातातला लगाम मुद्दाम सैल सोडला. पाठीवर नवरदेव घेतलेली पांढरी घोडी दोन पावलं घुटमळली आणि सरळ शेजारच्या बोळात शिरली.

"अहो बाई, धरा की हिला!" वरून नवरदेव विनोद ओरडला.

"धरलंय की," सिंधू म्हणाली. धरलं मात्र नाही.

बोळात खरकट्याचा चिखल होता. वऱ्हाडी साड्या, धोतरं सावरत मागोमाग आले. बँडवाल्यांना काही कळेना, त्यांनी वाजवणं चालूच ठेवलं. मागच्या भिंतीपाशी, भांडी घासायच्या नळाजवळ घोडी थांबली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भांडी घासणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सिंधूला फार बरं वाटलं. चौदा वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

याच जागेवर तिच्या वडिलांचा, वीरण्णांचा तबेला होता. लातुरातले निम्मे तांगेवाले आपली जनावरं रात्री इथं आणून बांधत. चारा, पाणी, नाल, सगळं वीरण्णा बघत. रिक्षा आल्या आणि तांगे मोडीत निघाले, तरी दहा-बारा घोडी उरली होती. त्यांना खरारा करायला ठेवलेल्या शेषेरावानं आजारी वीरण्णांच्या सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या, जागा गिळली आणि तिथं हे कार्यालय बांधलं. वर कोर्टात शपथेवर सांगितलं, की इथं तबेला कधी नव्हताच, नुसता माळ होता. ज्यांना ठाऊक होतं त्यांतला एकही साक्षीला आला नाही. वीरण्णा त्याच साली गेले, चौदा वर्षांपूर्वी.

सिंधूकडे ही एक घोडी राहिली. वरातीत ती 'राणी' म्हणून जाते, झुलीवरही तेच नाव आहे. तबेल्यातलं तिचं नाव सिंधूनं पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. आजची घोडी बँडवाल्यानं ठरवली होती. ती कुणाची, हे नवऱ्या मुलाच्या बापानं, म्हणजे शेषेरावानं, विचारलंच नव्हतं.

आता तो धापा टाकत बोळात आला. सोबत मुलीचे वडील, निलंग्याचे आप्पासाहेब. सिंधूला बघून शेषेरावाचा चेहरा उतरला.

"काय झालं हिला?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"तिची जागा हाय ही," सिंधू सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हितं दावण होती. माझ्या बापाचा तबेला होता."

"कसला तबेला? माळ होता हितं," शेषेराव म्हणाला. "ह्या बाईला मी वळखत बी न्हाई. ओढा रे घोडीला!"

दोघा वऱ्हाड्यांनी ओढून पाहिलं. घोडीनं पाय रोवले. विनोदचा फेटा डोळ्यांवर आला. कुणीतरी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. आतून स्पीकरवर गुरुजी बोलावत होते. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती.

शेषेरावाला राहवेना. तो पुढं झाला, घोडीच्या मानेवर दोनदा थाप मारली आणि जिभेनं टक् टक् केलं.

"चल मोगरे, चल पोरी. तांगा जुंपायचाय."

बँड थांबला.

"राणी हाय ना हिचं नाव?" आप्पासाहेब हळूच म्हणाले. "मोगरी कोण, शेषेराव?"

शेषेरावाचा हात घोडीच्या मानेवरच राहिला.

घोडीनं मात्र कानसुद्धा हलवला नाही. तिला ते नाव आठवत नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी सिंधूनं तिला पहिल्यांदा या बोळापाशी आणलं, तेव्हा ती मान खाली घालून पुढं निघून गेली होती, आणि सिंधू भर रस्त्यात रडली होती. मग रोज संध्याकाळी, याच वेळी, या नळापाशी भिजवलेले हरभरे चारून तिला इथं थांबायला शिकवावं लागलं.

सिंधूनं पदराची गाठ सोडली. घोडीनं तिच्या ओंजळीतले हरभरे खाल्ले आणि गुमान फाटकाकडे वळली. वरात तिच्यामागं निघाली. आप्पासाहेब तेवढे शेषेरावासमोर उभे राहिले, उत्तराची वाट बघत.